सीबीनॅट म्हणतं रेझिस्टन्स, कल्चर म्हणतं सेन्सिटिव्ह: आईच्या टीबीत खरं काय मानायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर तुम्हाला लगेच कळेल. आईचं वय 54. दोन महिने खोकला जात नव्हता, वजन उतरलं, म्हणून सरकारी दवाखान्यात बेडका तपासला. सीबीनॅट या मशीनवरच्या जनुक-तपासणीत टीबीचे जंतू 'मीडियम' प्रमाणात सापडले आणि खाली 'रिफाम्पिसिन रेझिस्टन्स डिटेक्टेड' असं आलं, म्हणजे रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देत नाही. एलपीए या दुसऱ्या जनुक-तपासणीच्या रिपोर्टमध्ये रिफाम्पिसिनपुढे 'रेझिस्टन्स इन्फर्ड' लिहिलंय, आयसोनियाझिड हे दुसरं औषध मात्र सेन्सिटिव्ह आहे, म्हणजे लागू पडतं. त्यावरून डीआर-टीबीची, म्हणजे औषधांना दाद न देणाऱ्या टीबीची औषधं सुरू झाली. आता कल्चरचा, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून केलेल्या तपासणीचा रिपोर्ट हातात आलाय आणि त्यात रिफाम्पिसिन 'सेन्सिटिव्ह'. ओळखीचे एक डॉक्टर म्हणतात, कल्चर हीच शेवटची कसोटी, ही जड औषधं सोडा आणि साध्या टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स घ्या. तुम्ही विचारताय की कोणता रिपोर्ट चुकला, आणि पदरचे पैसे घालून जंतूचं पूर्ण जीनोम सिक्वेन्सिंग, म्हणजे त्याच्या डीएनएचं अक्षर न् अक्षर वाचन, करून घ्यावं का.

शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की नऊ वर्षांपूर्वी आईला टीबी झाला होता आणि तीन महिन्यांत बरं वाटल्यावर गोळ्या थांबवल्या होत्या. मला विचाराल तर अख्ख्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे. त्याकडे पुढे येते.

मी लॅबमधली. 22 वर्षं टीबीच्या कल्चर लॅबमध्ये काम केलंय. औषध लिहून देणं माझं काम नाही, त्यामुळे कोणती गोळी घ्यायची हे मी सांगणार नाही. पण हे दोन कागद एकमेकांविरुद्ध का बोलतात, ते सांगू शकते. आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते: डीआर-टीबी केंद्रातल्या डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत एकही औषध आपल्या मनाने बंद करू नका. आईच्या पायाला मुंग्या येतात असं तुम्ही लिहिलंय, तेही त्यांना याच आठवड्यात सांगा. डीआर-टीबीच्या औषधांपैकी लिनेझोलिडने तसं होऊ शकतं आणि वेळेवर कळलं तर त्यांना डोस बदलता येतो.

आता मुद्द्याकडे. 'कोणता रिपोर्ट चुकला' असं विचारलं की एक खरा आणि एक खोटा ठरवावा लागतो. पण या तपासण्या वेगवेगळ्या गोष्टी बघतात. सीबीनॅट आणि एलपीए जंतूच्या जनुकातली अक्षरं तपासतात. कल्चरमध्ये जंतू औषधात ठेवतात आणि तो वाढतो का ते बघतात. एक जंतूची कुंडली वाचतं, दुसरं त्याची वागणूक बघतं. दोन्ही उत्तरं एकाच वेळी बरोबर असू शकतात, आणि तुमच्या आईच्या बाबतीत तसंच असावं असा माझा अंदाज आहे.

अक्षरं म्हणजे काय ते थोडं सांगते: डीएनए ज्या चार घटकांनी लिहिलेला असतो ते ए, सी, जी आणि टी. टीबीच्या जंतूचा पूर्ण जीनोम 1998 साली प्रसिद्ध झाला. त्यात 44 लाख 11 हजारांहून जास्त अक्षरं आणि सुमारे 4,000 जनुकं निघाली. त्यासाठी वापरलेला वाण एच37आरव्ही नावाचा. त्याचा मूळ जंतू 1905 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सॅरनॅक लेकच्या सॅनेटोरियममध्ये 19 वर्षांच्या एका रुग्णापासून मिळाला होता. आजही जगातली कुठलीही लॅब टीबीच्या जंतूत काय बदललंय हे ठरवताना त्याच वाणाशी ताडून बघते. आमच्याकडेही दर बॅचला तो कंट्रोल म्हणून लावतात. त्या मुलाच्या छातीतला जंतू सुमारे सव्वाशे वर्षांनी तुमच्या आईच्या रिपोर्टला आधार देतोय, ही गोष्ट मला अजूनही हलवून जाते.

या 44 लाखांतली फक्त 81 अक्षरं रिफाम्पिसिनसाठी महत्त्वाची आहेत. आरपीओबी नावाच्या जनुकातला हा छोटा तुकडा. हे जनुक आरएनए बनवणाऱ्या यंत्राचा एक भाग तयार करतं. रिफाम्पिसिन नेमकं त्या यंत्राच्या खाचेत जाऊन बसतं आणि नव्याने तयार होणाऱ्या आरएनएची वाट अडवतं. त्या खाचेचा आकार बदलला तर औषध नीट बसत नाही आणि जंतू वाचतो. रिफाम्पिसिनला दाद न देणाऱ्या जंतूंपैकी सुमारे 95 टक्क्यांमध्ये बदल या 81 अक्षरांतच असतो. जनुकातल्या तीन-तीन अक्षरांच्या शब्दाला एक क्रमांक असतो. सगळ्यात जास्त दिसणारा बदल 450 क्रमांकाच्या जागी असतो: टीसीजीच्या ऐवजी टीटीजी. एक अक्षर बदलतं, प्रथिनात सेरीन या अमिनो आम्लाच्या जागी ल्युसीन येतं आणि रिफाम्पिसिन निकामी होतं. जुन्या रिपोर्टमध्ये याच जागेला 531 म्हणतात, कारण पूर्वी क्रमांक ई. कोलाय या जंतूवरून मोजत असत. दोन्ही क्रमांकांत सरळ 81चा फरक आहे. दोन कागदांवर दोन आकडे दिसले तर घाबरू नका, वजाबाकी करून बघा.

हे बदल येतात कुठून? इतर अनेक जीवाणू एकमेकांना रेझिस्टन्सची जनुकं देतात. टीबीचा जंतू तसं करत नाही. त्याच्यात जे होतं ते स्वतःच्या जनुकाची नक्कल करताना झालेल्या चुकीतून होतं. ढोबळ हिशोब असा की 10 कोटी जंतूंमध्ये एखादा रिफाम्पिसिनला आपोआप दाद न देणारा निघतो, आणि आयसोनियाझिडला 10 लाखांत एखादा. फुफ्फुसातल्या एका पोकळीत कोट्यवधी जंतू असतात, म्हणजे असा एखादा तिथे आधीच असू शकतो. म्हणूनच टीबीला एका वेळी चार-चार औषधं देतात: एकातून सुटलेला दुसऱ्यात सापडावा म्हणून. कोर्स अर्धवट सुटला, कधी दोन घेतल्या कधी एक, असं झालं की हे कुंपण मोडतं आणि तो एखादा जंतू वाढायला मोकळा होतो. आईच्या नऊ वर्षांपूर्वीच्या उपचाराबद्दल मी म्हणाले ते यासाठी. ज्याला पूर्वी कधीच टीबी नव्हता, घरात कुणाला डीआर-टीबी नाही, अशा माणसात 'रेझिस्टन्स' आला तर मी दुसरा नमुना मागवते. आईसारख्या रुग्णात तोच निकाल मी जास्त गांभीर्याने घेते. तपासणी तीच, पण ती कोणाची आहे यावर तिचं वजन ठरतं.

सीबीनॅटमध्ये काय होतं? बेडका पातळ करून कार्ट्रिजमध्ये भरतात, मशीन आतल्या आत जंतू फोडून डीएनए काढतं आणि त्या 81 अक्षरांच्या लाखो प्रती करतं. तिथे पाच प्रोब असतात. प्रत्येक प्रोब आपल्या वाट्याच्या मूळ, न बदललेल्या अक्षरांना चिकटतो आणि चमकतो. अक्षर बदललेलं असेल तर तो प्रोब चमकत नाही किंवा फार उशिरा चमकतो, आणि मशीन 'रेझिस्टन्स' म्हणतं. अल्ट्रा या नव्या कार्ट्रिजमध्ये मोजण्याची रीत बदलली, पण मूळ कल्पना तीच. आपल्याकडच्या अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत सीबीनॅटऐवजी ट्रूनॅट असतं, ते गोव्याच्या मोलबायो कंपनीने बनवलं आणि बॅटरीवर चालतं. तेही अक्षरंच बघतं. या तपासण्या 'इथे काहीतरी बदललंय' एवढंच सांगतात. काय बदललंय, आणि त्या बदलाने जंतू किती निगरगट्ट झालाय, हे सांगत नाहीत.

कल्चरची गोष्ट वेगळी. आम्ही एमजीआयटी नावाची नळी वापरतो. नळीच्या तळाशी एक द्रव्य असतं, जंतू वाढून ऑक्सिजन संपवू लागले की ते चमकतं. औषधाच्या तपासणीसाठी दोन नळ्या लावतात. एकीत रिफाम्पिसिन आणि भरपूर जंतू. दुसरीत औषध नाही, पण जंतू शंभरपट कमी. मशीन थांबतं ते या दुसऱ्या नळीची चमक 400 या आकड्याला पोचेपर्यंत. त्या क्षणी औषधाच्या नळीत 100 किंवा जास्त असेल तर रेझिस्टंट, 100च्या खाली असेल तर सेन्सिटिव्ह. हे सगळं 4 ते 13 दिवसांत उरकायचं असतं. टीबीचा जंतू एकाचे दोन व्हायला जवळजवळ दिवस घेतो, हे लक्षात घ्या.

आता समजा, खाचेचा आकार थोडासाच बदललाय. औषध बसतं, पण सैल बसतं. असा जंतू पूर्ण रेझिस्टंट नाही आणि पूर्ण सेन्सिटिव्हही नाही. शिवाय या बदलामुळे तो जरा हळू वाढतो. त्याला औषधाच्या नळीत ठेवलं तर तो मरत नाही, पण ठरलेल्या वेळेत 100 पर्यंत पोचतही नाही. मशीन 60 किंवा 80 वर थांबतं आणि कागदावर 'सेन्सिटिव्ह' छापून येतं. मी अशा नळ्या बाहेर काढून इन्क्युबेटरमध्ये आणखी आठवडाभर ठेवल्या आहेत. तळाशी ज्वारीच्या कण्यांसारखे बारीक पुंजके दिसायला लागतात. जंतू जिवंत होते, औषधात राहून जिवंत होते.

या बदलांना सीमारेषेवरची म्युटेशन म्हणतात. त्यांची यादी ठरलेली आहे: 430, 435, 445 आणि 452 या जागांवरचे काही विशिष्ट बदल, आणि 81 अक्षरांच्या बाहेरचा 491 क्रमांकाचा एक. शेवटचा सीबीनॅटलाही दिसत नाही आणि कल्चरमध्येही बऱ्याचदा निसटतो. आफ्रिकेतल्या एस्वाटिनी या देशात 2009च्या पाहणीत एमडीआर (रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड दोन्हींना दाद न देणाऱ्या टीबीच्या) रुग्णांपैकी जवळजवळ 30 टक्क्यांमध्ये तोच निघाला होता.

बरीच वर्षं आम्ही लॅबवालेही कल्चरलाच प्रमाण मानत होतो आणि अशा वेळी सीबीनॅट चुकलं असं म्हणत होतो. मग बांगलादेश आणि काँगोतल्या किन्शासा इथल्या रुग्णांचा अभ्यास पुढे आला. कल्चर सेन्सिटिव्ह म्हणत होतं पण जनुकात असे बदल होते, त्या रुग्णांमध्ये साधा उपचार फसण्याचं किंवा टीबी उलटण्याचं प्रमाण नेहमीच्या रेझिस्टंट रुग्णांइतकंच वाईट निघालं. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एमजीआयटीमधली रिफाम्पिसिनची कसोटी मिलीलिटरला 1 मायक्रोग्रॅमवरून 0.5 वर आणली, ती याच कारणासाठी. त्यानंतरही काही जंतू निसटतातच. म्हणून आता या 81 अक्षरांतल्या अमिनो आम्ल बदलणाऱ्या कुठल्याही म्युटेशनला, कल्चर काहीही म्हणो, रेझिस्टंटच धरावं असा दंडक आहे. तुमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी सांगितलेला 'कल्चर शेवटची कसोटी' हा नियम आम्हीही शिकलो होतो. बाकी बऱ्याच औषधांना तो आजही लागू आहे. रिफाम्पिसिनला मात्र राहिला नाही.

मी स्वतः हे किंमत मोजल्यावर शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एका रिक्षाचालकाचा कल्चर रिपोर्ट 'सेन्सिटिव्ह' दिला. त्याचं सीबीनॅट रेझिस्टंट होतं, पण आम्ही त्यावर विचार केला नाही. त्याला साधा कोर्स मिळाला, तो त्याने एक दिवस न चुकवता पूर्ण केला, बेडका निगेटिव्ह झाला. वर्षभराने तो परत आला, या वेळी दोन्ही बाजूंना पोकळ्या घेऊन. जुनं कल्चर फ्रीजरमध्ये होतं, ते काढून जनुक वाचलं तर 452ला ल्युसीनच्या जागी प्रोलीन. तो बदल पहिल्या दिवसापासून तिथेच होता. त्या माणसाने गोळ्या बुडवल्या नव्हत्या. कमी पडलो ते आम्ही.

तरीही, तुमच्या आईचं उत्तर हेच आहे असं मी छातीठोक सांगत नाही. अशी विसंगती यायला दुसरी कारणंही असतात.

एक म्हणजे मुका बदल. जनुकाच्या भाषेत एकाच अमिनो आम्लासाठी अनेक शब्द असतात, जसं आपण 'पाणी' म्हटलं काय आणि 'जल' म्हटलं काय. 433च्या जागी टीटीसीचं टीटीटी झालं तरी फेनिलॲलनीन ते फेनिलॲलनीनच राहतं. खाच बदलत नाही, औषध छान बसतं, पण प्रोबला अक्षर वेगळं दिसतं आणि रिपोर्ट 'रेझिस्टन्स' येतो. अशा वेळी कल्चरच खरं आणि साधा कोर्स पुरेसा. हे क्वचित होतं, पण होतं, आणि आईच्या बाबतीत ही शक्यता तपासल्याशिवाय सोडून देता येणार नाही.

दुसरं, बेडक्यात जंतू अगदीच कमी असले तर प्रोब उशिरा चमकतो आणि मशीन फसतं. आईचं प्रमाण 'मीडियम' आहे, त्यामुळे हे कारण मी बाजूला ठेवते. तिसरं, छातीत दोन प्रकारचे जंतू एकत्र असणं. पण तेव्हा बहुधा उलटं होतं: कल्चर शंभरात एक रेझिस्टंट जंतू पकडतं, सीबीनॅटला बहुतांश जंतू रेझिस्टंट असल्याशिवाय दिसत नाही. चौथं, नमुन्यांची अदलाबदल. एकाच दिवशी एकाच नावाचे दोन रुग्ण आले की ती होऊ शकते. तिन्ही रिपोर्टवरचा निक्षय आयडी (सरकारी टीबी नोंदणीतला रुग्णाचा क्रमांक) आणि नमुन्याची तारीख एकदा जुळवून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

आत्तापर्यंतचं एकत्र सांगायचं तर आईच्या बाबतीत दोनच शक्यता खऱ्या अर्थाने उरतात. सीमारेषेवरचं म्युटेशन, ज्यात सध्याचा उपचार बरोबर आहे. किंवा मुका बदल, ज्यात साधा कोर्स पुरेल. पूर्वीचा अर्धवट उपचार बघता पहिलीकडे माझा कल जास्त आहे. आणि या दोन्हींत फरक करायला अक्षर नेमकं कोणतं बदललंय हे कळावं लागतं.

इथे एलपीएतला तो 'इन्फर्ड' शब्द कामाला येतो. एलपीए म्हणजे काही मिलिमीटर रुंदीची पांढरी पट्टी, तिच्यावर 27 आडव्या रेषा उमटायच्या जागा असतात. रिफाम्पिसिनसाठी आठ रेषा मूळ अक्षरांच्या, त्यांना डब्ल्यूटी 1 ते 8 म्हणतात, आणि चार रेषा नेहमी आढळणाऱ्या म्युटेशनच्या. 450चा नेहमीचा बदल असेल तर आठवी मूळ रेष नाहीशी होते आणि म्युटेशनची तिसरी रेष जांभळी उमटते. तेव्हा रिपोर्ट 'डिटेक्टेड' असा येतो. मूळ रेष गायब आहे पण म्युटेशनची एकही उमटली नाही, तेव्हा 'इन्फर्ड' लिहितात. म्हणजे बदल आहे, पण नेहमीच्या चारांपैकी नाही. सीमारेषेवरचे आणि मुके बदल बहुतेक इथेच सापडतात.

आता जीनोम सिक्वेन्सिंग. मी या तंत्राच्या बाजूची आहे. 44 लाख अक्षरं वाचली की एकाच वेळी सगळ्या औषधांचा अंदाज येतो, दोन रुग्णांचे जंतू एकाच साखळीतले आहेत का तेही कळतं. जंतूत वर्षाला सरासरी अर्धंच अक्षर बदलतं, त्यामुळे दोघांत पाचपेक्षा कमी फरक असला तर संसर्ग जवळचा समजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्युटेशन यादीच्या 2023च्या आवृत्तीमागे 52,000हून जास्त जंतूंची माहिती आहे. पण तुमचा प्रश्न 81 अक्षरांचा आहे. त्याला फक्त आरपीओबी जनुकाचं सिक्वेन्सिंग पुरतं, आणि आईचं कल्चर लॅबकडे असल्यामुळे नवा नमुनाही लागणार नाही. खासगीत अख्खा जीनोम वाचून घेतला आणि 30 पानांचा रिपोर्ट आला, तर तो समजावणारा माणूस शोधत फिरावं लागेल. पैसे आईच्या खाण्यापिण्यावर खर्च करा. मोक्सिफ्लोक्सासिन आणि बेडाक्विलिन या डीआर-टीबीच्या औषधांबद्दल पुढे शंका आली, समजा तीन महिन्यांनीही कल्चर पॉझिटिव्ह राहिलं, तर मात्र मोठं सिक्वेन्सिंग करायला लागेल, आणि तेव्हा मी स्वतः त्याचा आग्रह धरेन.

एक सूचना. उपचार लागू पडतोय का हे बघायला पुन्हा सीबीनॅट करू नका. मेलेल्या जंतूंचा डीएनएही त्याला दिसतो, कित्येक महिने दिसत राहतो. त्यासाठी दर महिन्याचं स्मिअर (बेडका सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) आणि कल्चरच.

तर जिल्ह्याच्या डीआर-टीबी केंद्रात जाताना तिन्ही रिपोर्ट, छातीचे जुने-नवे एक्स-रे आणि नऊ वर्षांपूर्वीचं उपचाराचं कार्ड असेल तर तेही न्या. डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा: एलपीएमध्ये कोणती डब्ल्यूटी रेष गायब होती, आणि कल्चरवरून आरपीओबीचं सिक्वेन्सिंग मागवता येईल का. पहिल्याचं उत्तर कदाचित रिपोर्टवर नसेल. पण वाचून झालेल्या पट्ट्या आम्ही टाकून देत नाही, तारीख आणि लॅब नंबर घालून कागदावर चिकटवून फाईलला लावतो. आईची पट्टीही तशीच एखाद्या फाईलमध्ये असेल. लॅबला फोन करून ती काढून बघायला सांगा, आणि रेषेचा क्रमांक कळला की मला इथेच लिहा.